बाबांचे घड्याळ

श्रावण लागला की मंडळाच्या स्मरणिका समितीचा फोन येतो आणि दर वर्षी मी "पुढच्या वर्षी नक्की" असे सांगून वेळ मारून नेतो. या वर्षी मात्र विषय घरातच सापडला. मी काही लेखक नाही. डिप्लोमा करून रेल्वेच्या सिग्नल खात्यात लागलो तेव्हापासून रिले, केबल आणि फॉल्ट रजिस्टर यांच्या पलीकडे फारसे काही लिहिलेले नाही. तेव्हा चूकभूल देणे घेणे.

गेल्या होळीच्या चार दिवस आधी बाबांचे मनगटी घड्याळ बंद पडले. जबलपूरच्या आपल्या जुन्या मंडळींना आमचे बाबा माहीत आहेत. मालगाडीचे गार्ड म्हणून लागले आणि मेल-एक्स्प्रेसचे गार्ड म्हणून २००० साली निवृत्त झाले. (२०२२ पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात. हे बाबांना सांगितले तेव्हा ते फक्त "बरं" म्हणाले.) आता ऐंशी ओलांडली आहे. आई गेल्यापासून त्यांचा सगळा दिवस मनगटावरच्या घड्याळावर चालतो. साडेपाचला उठणे, सव्वासातला रक्तदाबाची गोळी, अकराला जेवण. भिंतीवर घड्याळ आहे, माझ्या मोबाईलमध्ये आहे, पण त्यांचा विश्वास मनगटावर.

ते घड्याळ सात वाजून दहा मिनिटांवर थांबले. बाबा दुपारी झोपले ते अंधारून आल्यावर उठले, मनगटाकडे पाहिले, सकाळ झाली असे समजले आणि सव्वासातची गोळी दुसऱ्यांदा घेतली. रात्री चक्कर आली. डॉक्टरांनी काळजीचे कारण नाही असे सांगितले, तरी ती रात्र आम्ही दोघांनी, म्हणजे मी आणि आमच्या सौ.नी, जागून काढली.

दुसऱ्या दिवशी दोन दुकानांत घड्याळ दाखवले. दोन्हीकडे मागचे झाकणही न उघडता एकच उत्तर मिळाले. मशीन बदला, पाच मिनिटांचे काम, नाहीतर नवीन घ्या. बाबांना हे सांगितले तर म्हणाले, "अरे, मशीन बदललेस तर उरले काय? काच आणि पट्टा? पट्टा तर मी चारदा बदललाय!"

सिग्नलचा माणूस असल्याने मला वाटले, यात काय एवढे? बॅटरी आहे, सर्किट आहे, कॉइल आहे. आपण रोज याहून मोठे फॉल्ट काढतो. पण एखादे यंत्र उघडण्याआधी ते कसे चालते हे वाचावे, अशी आमच्या पहिल्या साहेबांची शिकवण. म्हणून आठ दिवस वाचन केले आणि त्यातून क्वार्ट्झ घड्याळाचा जो इतिहास हाती लागला तो आधी सांगतो.

पण त्याआधी थोडे रेल्वेच्या वेळेविषयी, कारण बाबांचा हट्ट त्याशिवाय कळणार नाही. रेल्वेच्या जनरल रूल्समध्ये गाड्या चालवण्याच्या प्रकरणाची सुरुवातच वेळेने होते. गाड्या भारतीय प्रमाणवेळेने चालतील आणि ती वेळ रोज १६.०० वाजता सर्व प्रमुख स्टेशनांना कळवली जाईल, हा पहिला नियम. पुढे घड्याळ जुळवण्याचा नियम येतो. गाडी सुटण्याआधी गार्डाने आपले घड्याळ स्टेशनच्या घड्याळाशी जुळवायचे, ड्रायव्हरला वेळ सांगायची आणि ड्रायव्हरने त्याप्रमाणे आपले जुळवायचे. म्हणजे गाडीवरची वेळ ही गार्डाची वेळ. प्रत्येक स्टेशनाची येण्या-जाण्याची मिनिटे बाबा रफ जर्नलमध्ये लिहीत. पुढे एखाद्या लेट गाडीची चौकशी झाली की तेच जर्नल काढले जाई.

आपल्या जबलपूरला तर या वेळेच्या गोंधळाचा मान फार जुना आहे. मुंबईहून आलेली जी.आय.पी. रेल्वे आणि अलाहाबादकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे यांचे रूळ मार्च १८७० मध्ये इथेच जोडले गेले आणि मुंबई-कलकत्ता रेल्वेमार्ग पुरा झाला. मुंबईची वेळ वेगळी, कलकत्त्याची वेगळी. साधारण त्याच सुमारास रेल्वेने तोडगा म्हणून दोन्हींच्या मधली मद्रासची वेळ धरली. आजची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासूनची. तरीही कलकत्त्याने आपली वेळ १९४८ पर्यंत सोडली नाही आणि आपल्या मुंबईकरांनी प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत जपली. असो.

बाबांचे पहिले घड्याळ चावीचे, एच.एम.टी.चे. सिटीझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने एच.एम.टी.ने १९६१ मध्ये बंगलोरला कारखाना काढला आणि पंधरा-वीस वर्षांत सरकारी नोकराच्या मनगटावर दुसरे नाव दिसेनासे झाले. चावीच्या घड्याळात स्प्रिंगची ताकद चाकांतून जाते आणि एक लहानसे तोलचक्र तिला ठोक्याठोक्याने सोडते, सेकंदाला साधारण पाच ठोके. तोलचक्राला थंडी बाधते, ऊन बाधते, धक्का बाधतो, तेल वाळलेले बाधते. चांगले घड्याळसुद्धा दिवसाला दहा-वीस सेकंद इकडे तिकडे होणारच. म्हणून रोज चावी आणि रोज जुळवणे.

यावर उपाय निघाला तो घड्याळजीच्या दुकानात नव्हे, तर पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत. १८८० मध्ये पॅरिसला पिएर क्युरी आणि त्याचा भाऊ जाक यांना असे आढळले की क्वार्ट्झचा, म्हणजे गारगोटीच्याच जातीचा, स्फटिक दाबला की त्याच्यावर विद्युतभार येतो. पुढच्याच वर्षी उलटही सिद्ध झाले. वीज दिली की स्फटिक किंचित आकुंचन-प्रसरण पावतो. (पिएर म्हणजे मादाम क्युरींचे यजमान. रेडियमच्या आधीही या गृहस्थाने एवढे काम केले होते हे मला माहीतच नव्हते.) म्हणजे योग्य वीज दिली तर स्फटिक ठरावीक वेगाने थरथरत राहील, आणि तो वेग त्याच्या आकारावर ठरेल. १९२७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन आणि जे. डब्ल्यू. हॉर्टन यांनी या थरथरीवर पहिले घड्याळ चालवले. ते अर्थातच मनगटावर मावणारे नव्हते, व्हॉल्व्हनी भरलेले मोठे यंत्र होते.

ते कपाटाएवढे यंत्र मनगटावर यायला आणखी बेचाळीस वर्षे लागली. तीन गोष्टी हव्या होत्या. लहान स्फटिक, थोड्या विजेवर चालणारे सर्किट आणि काटे फिरवणारी इवलीशी मोटर. यातली मोटर सर्वांत आधी तयार होती! मारियस लाव्हे या फ्रेंच इंजिनिअरने १९३६ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. एक कॉइल, एक लोखंडी चौकट आणि मध्ये एक चुंबकी रोटर. कॉइलमध्ये विजेचा छोटा झटका दिला की रोटर अर्धा फेरा फिरतो, पुढचा झटका उलट्या दिशेचा दिला की उरलेला अर्धा. आपल्या पॉइंट मशीनचे हे अगदी धाकटे भावंड म्हणा.

शर्यत स्वित्झर्लंड आणि जपान यांच्यात लागली. न्यूशातेलच्या संशोधन केंद्रात स्विस कंपन्यांनी एकत्र येऊन १९६७ मध्ये मनगटी क्वार्ट्झचा नमुना तयार केला होता. पण दुकानात पहिला माल आणला तो सायकोने. २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत 'अ‍ॅस्ट्रॉन' विक्रीस आले. सोन्याची केस, किंमत साडेचार लाख येन, म्हणजे तेव्हाच्या एका छोट्या मोटारीइतकी. महिन्याला फक्त पाच सेकंदांची चूक. त्यातला स्फटिक सेकंदाला ८,१९२ वेळा थरथरत होता. पुढे सगळीकडे ३२,७६८ हा आकडा रूढ झाला आणि बाबांच्या घड्याळातही तोच आहे.

हा विचित्र आकडा का? आमच्या खात्यातल्या तरुण मुलांना मी हे कोडे घातले. ३२,७६८ ला दोनने भागा, उत्तराला पुन्हा दोनने भागा, असे पंधरा वेळा केले की बरोबर एक उरतो. दोनने भागणे हे इलेक्ट्रॉनिक सर्किटचे सगळ्यात सोपे काम. पंधरा पायऱ्या ओळीने लावल्या की पहिल्या पायरीवर ३२,७६८ आणि शेवटच्या पायरीतून सेकंदाला एक झटका. तो झटका लाव्हेच्या मोटरला, मोटरकडून सेकंदाच्या काट्याला. क्वार्ट्झ घड्याळाचा सेकंदकाटा सरकत न जाता उडी मारत का जातो, याचे कारण हेच.

स्विस घड्याळवाल्यांवर याचा घाला कसा पडला ते वाचून मला आपल्या स्टीम शेडची आठवण झाली. १९७० मध्ये तिथल्या घड्याळ उद्योगात सुमारे नव्वद हजार माणसे होती, १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जेमतेम तिसरा हिस्सा उरला. पिढ्यान्‌पिढ्या हाताने चाकांचे दात घासणाऱ्या गावांची ही अवस्था. त्यांना सावरले ते मार्च १९८३ मध्ये आलेल्या 'स्वॉच'ने. प्लास्टिकचे, स्वस्त, सगळे मिळून ५१ भाग. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या घड्याळाला मागचे झाकणच नव्हते. यंत्र समोरून बसवायचे आणि काच कायमची चिकटवून टाकायची, उघडण्याची सोय फक्त बॅटरीपुरती. चार-पाचशे वर्षे घड्याळ हे उघडून दुरुस्त करायचे यंत्र होते. दुरुस्त करायचेच नाही असे ठरवून घड्याळ बनवणे ही नवी गोष्ट होती. क्वार्ट्झच्या इतिहासात स्फटिकाचे गुणगान फार होते, पण माझ्या मते हा बदल त्याहून मोठा.

भारतात १९८४ मध्ये टाटा आणि तामिळनाडूची टिडको यांनी मिळून टायटनची स्थापना केली, होसूरला कारखाना उभारला आणि १९८७ पासून त्यांची क्वार्ट्झ घड्याळे दुकानांत आली. दूरदर्शनवरची मोझार्टच्या सुरावटीची ती जाहिरात आमच्या पिढीला झोपेतही आठवेल. एच.एम.टी.नेही क्वार्ट्झ काढली, पण लोकांच्या मनात ती चावीचीच कंपनी राहिली. जानेवारी २०१६ मध्ये एच.एम.टी. वॉचेस बंद करण्यास केंद्र सरकारने मान्यता दिली. बाबांनी १९८९ च्या दिवाळीत बोनसच्या पैशांतून आपले क्वार्ट्झ घेतले. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे झाले त्यात कंपनीचा काही दोष नाही. आई तेव्हा म्हणाली होती म्हणे की चावी द्यायची नाही तर सकाळी उठून करणार काय?

आता दुरुस्तीकडे. रविवारी टेबलावर पांढरा कपडा पसरला, भिंग घेतले आणि मागचे झाकण उघडले. बॅटरीच्या कडेला पांढरट क्षार जमला होता. मागच्या वेळी कुणीतरी स्वस्तातली अल्कलाइन बॅटरी घातली होती. वाचकांनी हे अवश्य लक्षात ठेवावे. बॅटरीवर 'एसआर' लिहिलेले असेल तर ती सिल्व्हर ऑक्साइडची, १.५५ व्होल्ट शेवटपर्यंत जवळजवळ तेवढाच ठेवणारी. 'एलआर' असेल तर अल्कलाइन. तिचा व्होल्टेज हळूहळू उतरतो आणि गळण्याची भीती जास्त. दोन्ही एकाच मापाच्या मिळतात आणि दुकानदार विचारत नाही. काही घड्याळांत सेकंदकाटा दोन-दोन किंवा चार-चार सेकंदांच्या उड्या मारू लागला तर ती बॅटरी संपत आल्याची सूचना असते, बिघाड नव्हे. तेव्हाच बदलावी, मेलेली बॅटरी आत ठेवू नये.

क्षार साफ केला, नवी एसआर ६२६ बॅटरी घातली. घड्याळ ढिम्म. मल्टिमीटर लावला. बॅटरी १.५५. कॉइल दोन किलोओहमच्या आसपास, म्हणजे ठणठणीत. मग चाके पाहावीत म्हणून बॅटरीच्या पट्टीचा स्क्रू काढायला गेलो आणि स्क्रूड्रायव्हर सटकला. आवाजसुद्धा झाला नाही. पुन्हा मीटर लावला तर कॉइल ओपन. त्या कॉइलची तार सुमारे दोन शतांश मिलिमीटर, डोक्यावरच्या केसाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. तिचे हजारो वेढे असतात आणि एक तुटला की सगळे गेले. वीस वर्षे फॉल्ट काढणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने फॉल्ट घातला! फॉल्ट रजिस्टरमध्ये अशा वेळी आम्ही 'ड्यूरिंग मेंटेनन्स' असे गोंडस लिहितो.

तीन दिवस बाबांना काही बोललो नाही. ते रोज विचारत, "काय म्हणतेय?" आणि मी म्हणे, "पार्ट मागवलाय." त्या तीन दिवसांत त्यांच्या गोळ्यांची वेळ सौ. सांभाळत होत्या आणि बाबांना ते अजिबात आवडत नव्हते. "मला वेळ विचारावी लागते," एवढेच एकदा म्हणाले.

शेवटी एका जुन्या सहकाऱ्याने फुहाऱ्याजवळच्या एका गल्लीतला पत्ता दिला. दुकान म्हणजे तीन फुटांचे काउंटर. अर्ध्यावर मुलाचे मोबाईल कव्हरचे दुकान, अर्ध्यावर सत्तरीचे चाचा, डोळ्याला भिंग. चावीची घड्याळे ते वडिलांकडून शिकले. क्वार्ट्झ आल्यावर जोडीदारांनी धंदे बदलले, हे मात्र बिघडलेली क्वार्ट्झ मशिने विकत घेऊन उघडत बसले. त्यांनी घड्याळ पाहिले आणि भिंग न काढता म्हणाले, "कॉइल आपने मारी है, साहब." ताजा ओरखडा लपत नाही. मी कबुली दिली.

मग त्यांनी घड्याळ एका छोट्या डबीवर ठेवले. डबीत फिरते चुंबकी क्षेत्र असते, कॉइल मेलेली असली तरी रोटर त्याने गरगर फिरायला हवा. फिरला नाही. म्हणजे मूळ दोष वेगळाच होता आणि मी कॉइल तोडली नसती तरी घड्याळ चालले नसते. वरची पट्टी काढून त्यांनी रोटर चिमट्याने उचलला आणि मला भिंगातून दाखवला. कडेला लोखंडाचे दोन-तीन काळे कण चिकटलेले. रोटर म्हणजे चुंबकच, लोखंडाची धूळ आत गेली की तो तिला सोडत नाही. मागच्या झाकणाचा रबर कडक होऊन कधीचा चिरलेला होता. ते कण कुठले, कोण सांगणार? ब्रेक ब्लॉकच्या बिडाची धूळ गार्डाच्या डब्यात भरपूर उडत असे, आणि त्या घड्याळाने तिथे अकरा वर्षे काढली आहेत, एवढेच म्हणतो.

चाचांनी चिकट गोळीने ते कण उचलले. मग एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. आत शेकडो मेलेली मशिने. बाबांच्या मशीनवर कोरलेला नंबर वाचून त्यांनी तोच नंबर असलेली तीन काढली, तिघांच्या कॉइल मीटरने तपासल्या, एक जिवंत निघाली. ती दोन स्क्रूंनी बसते, झाळ लागत नाही. चाके धुतली, टोकांना सुईने तेल लावले, नवा रबर बसवला. सव्वा तास लागला. मी विचारले, स्फटिक बदलावा लागतो का कधी? म्हणाले, एवढ्या वर्षांत फार क्वचित. बॅटरी गळते, कॉइल तुटते, कचरा अडकतो, तेल वाळते. म्हणजे विज्ञानाने जो नवा भाग दिला तो बहुधा शाबूत असतो आणि थांबतो तो जुनाच, चाकांचा आणि तारेचा संसार. त्यासाठी लागणारे हात मात्र कमी झाले, कारण नवे मशीन चाचांच्या सव्वा तासाहून स्वस्त पडते. त्यांनी अडीचशे रुपये घेतले. मुलाने तेवढ्या वेळात चार कव्हरे विकली होती.

घरी आलो तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. बाबांना सगळे खरे सांगितले, स्क्रूड्रायव्हरसकट. त्यांनी घड्याळ कानाला लावून बराच वेळ ऐकले. मला वाटले आता घालतील, पण त्यांनी चावी बाहेर ओढून काटे थांबवले आणि म्हणाले, "चार वाजू दे. कंट्रोलला फोन लाव." मी सिग्नल कंट्रोलमधल्या मित्राला फोन लावून स्पीकरवर ठेवला. सोळा शून्य शून्य ऐकताच बाबांनी अंगठ्याने चावी आत दाबली.

त्यानंतर दर महिन्याच्या एक तारखेला ते हेच करतात आणि फरक डायरीत लिहितात. एप्रिलमध्ये तीन सेकंद पुढे होते. मे महिन्यात अकरा सेकंद मागे. स्फटिक पंचवीस अंशांच्या आसपास सर्वांत खरा चालतो, त्याहून तापला किंवा गारठला की मागे पडतो, आणि उकाड्यामुळे बाबा दुपारी घड्याळ काढून खिडकीत ठेवत होते. आता खिडकीत ठेवत नाहीत. जूनच्या नोंदीपुढे त्यांनी लिहिले आहे : 'चार सेकंद मागे. ठीक.'